सरांच्या पाटीवरचा ‘अनॉन’

आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘पुन्हा या’ म्हणायची सोय नव्हती. चुकून म्हणालो असतो तर माणूस मारायलाच धावला असता. चाळीस वर्षं मी ख्रिस्ती लोकांच्या कबरींवरच्या पाट्या कोरल्या. एवढ्या वर्षांत एकही गिऱ्हाईक हसत दुकानात आलं नाही, आणि तरीही सांगतो, धंदा मला आवडायचा.

या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना बजावलं होतं, ‘परबकाका, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं लिहा.’ मी म्हटलं, बाबा रे, मी संगमरवराचा माणूस, हलकं कुठून आणू? तरी सुरुवातीला दोन गमती सांगतो. मग जे सांगायचं आहे ते सांगतो. ते हलकं नाही, आणि ते मी अजून घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

दुकान शिवडीला, ख्रिस्ती कबरस्तानाच्या बाजूला, ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत. पुढे पत्र्याची शेड, मागे दगडाच्या लाद्या उभ्या करून ठेवलेल्या, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. संध्याकाळी मी लालबागला घरी पोचलो की आई दारातच ओरडायची, ‘पयले पाय धू, मगे घरात ये.’ तिला वाटायचं ती मेलेल्यांची राख आहे. किती वेळा सांगितलं की आई, ही दगडाची पूड आहे. पण ऐकेल ती माझी आई कसली!

बापाची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवी होऊन घरात बसलो होतो. बापाच्या ओळखीनं पास्कल मेस्त्रींच्या हाताखाली लागलो. मेस्त्री वसईकडचे, दुकानाचे मालक आणि कारागीर तेच. पहिल्याच दिवशी मी घाबरत घाबरत म्हणालो, ‘मेस्त्री, मला इंग्लिश वाचता येत नाही.’ ते म्हणाले, ‘बेस झालं. वाचणारा माणूस चुकतो. तू वाचू नको, बघ.’

त्याचा अर्थ मला पुढे कळला. वाचणाऱ्याचं डोकं पुढच्या शब्दावर धावतं आणि हात मागच्या अक्षरावर असतो. न वाचणाऱ्याला प्रत्येक अक्षर म्हणजे एक चित्र. गिऱ्हाइकानं कागदावर जे लिहून दिलं ते मी पेन्सिलीनं दगडावर उतरवायचो, छन्नीनं कोरायचो, मग त्या खाचेत बारीक भोकं पाडून वरून शिशाची पट्टी ठोकायचो. शिसं मऊ असतं, ठोकलं की भोकांत शिरून पकड घेतं. वरचं जास्तीचं तासून टाकलं की पांढऱ्या दगडात काळं अक्षर उभं राहतं. उन्हापावसात रंग उडतो, शिसं उडत नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. मशीन अर्ध्या तासात ग्रॅनाइटवर नाव मारतं, सोबत फोटोपण. चांगलं दिसतं, उगीच नावं कशाला ठेवू?

गमती सांगायच्या राहिल्या. दुकानात एक जुनी वही होती, तिच्यात पाटीवर लिहायची वाक्यं. ज्याला काही सुचत नाही त्यानं त्यातलं निवडायचं. एकदा एक बाई नवऱ्याच्या पाटीसाठी आल्या. मेस्त्रींनी वहीतलं वाक्य वाचून दाखवलं, ‘आता तो विश्रांती घेतो आहे.’ बाई म्हणाल्या, ‘दुसरं काहीपण लिहा. विश्रांती त्यानं जिवंतपणीच भरपूर घेतलीय.’ दुसऱ्या वेळी दोन बहिणी आईच्या पाटीवरून दुकानातच जुंपल्या. आईनं खरं वय जन्मभर लपवलेलं. एक म्हणे खरं साल घालू, दुसरी म्हणे आई कबरीतून उठून येईल. शेवटी जन्माचं साल सोडून दिलं आणि फक्त मृत्यूचं घातलं. ती पाटी अजून आहे. बिचारी जन्मलीच नाही, नुसतीच गेली.

बस्स, झाल्या गमती.

फर्नांडिस सर पहिल्यांदा आले तेव्हा मेस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि दुकान त्यांचा मुलगा बघायचा, म्हणजे हिशेब बघायचा. दगड मीच बघायचो. सर परळच्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर होते, रिटायर झालेले. गिरणीवाल्यांची पोरं शिकवून शिकवून त्यांचं मराठी आमच्यापेक्षा चोख झालं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांची बायको इझाबेल बाई परळच्याच एका हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या वारल्याला काही वर्षं झाली होती आणि आता त्यांची पेटी भिंतीत ठेवायची होती.

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही तिथे मेलेल्याला कुठून असणार? कबर मिळते ती काही वर्षांपुरती. मग अस्थी काढून, कापडात बांधून छोट्या पेटीत ठेवतात आणि पेटी जाते भिंतीतल्या खणात. खणाला झाकण म्हणून संगमरवराची पाटी, चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू. पाटी दोन वीत रुंद, दीड वीत उंच. त्यात काय मावणार? नाव, दोन सालं आणि फार तर एखादा शब्द.

सरांनी खिशातून कागद काढला. पट्टीनं रेघा मारून व्यवस्थित आखलेला. ‘वरच्या अर्ध्या भागात इझाबेल,’ ते म्हणाले. ‘खालच्या अर्ध्या भागात मी. आणि मध्ये, माझ्या नावाच्या डोक्यावर, हा एक शब्द.’

चार अक्षरं होती. पहिलं टोकदार, मग एक गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सारखी, दाराच्या दोन फळ्यांसारखी. गोल अक्षर कोरायला सगळ्यात वाईट, आतला टवका उडतो. मी विचारलं, ‘हा काय शब्द, सर?’

‘अनॉन.’

‘देवाचं नाव?’

सर हसले. ‘नाही हो. जुना इंग्लिश शब्द आहे. आता कोणी बोलत नाही. कवितेत सापडतो, नाहीतर तुमच्या दगडावर.’

मी मेस्त्रींची वही दाखवली, म्हटलं असले जुने शब्द तिच्यात पुष्कळ आहेत. सरांनी चष्मा चढवून वही चाळली. मला म्हणाले, ‘बघा गंमत, परब. हा दाऊ शब्द, म्हणजे तू. पूर्वी इंग्रज लोक घरच्या माणसाला तू म्हणायचे, तुमच्यासारखेच. मग सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला लागले. तू उरला फक्त देवाला आणि मेलेल्याला.’

‘आणि अनॉन?’

‘अनॉन म्हणजे आलोच. पूर्वीच्या खानावळीत गिऱ्हाइकानं हाक मारली की वाढपी आतून ओरडायचा, अनॉन, साहेब, अनॉन!’

मी म्हटलं, ‘म्हणजे आपण निघताना येतो म्हणतो तसं.’

‘तसं नाही,’ सर म्हणाले. मास्तर होते, चूक सोडायचे नाहीत. ‘तुमचं येतो हे जाताना म्हणायचं. हे उत्तर आहे. आधी कोणीतरी हाक मारावी लागते. आणि ऐका, अगदी सुरुवातीला ह्या शब्दाचा अर्थ होता ताबडतोब. ह्या क्षणी. पण लोक अनॉन म्हणायचे आणि यायचे नाहीत. पुन्हा हाक, पुन्हा अनॉन. असं करता करता ताबडतोबचा अर्थ झाला थोड्या वेळानं. मग झाला केव्हातरी. मग शब्दच गेला. शब्दाची त्यात काही चूक नाही, परब. बोलणाऱ्यांनी पाळला नाही.’

मी चहा मागवला. सर स्टुलावर बसले आणि मग जे बोलले ते मास्तरासारखं नव्हतं.

घरी इझाबेल बाई जेवायला हाक मारायच्या. सर वह्या तपासत बसलेले. तिथूनच ओरडायचे, ‘अनॉन, मॅडम, अनॉन!’ लग्न नवीन होतं तेव्हा बाई हसायच्या. पुढे हसायच्या बंद झाल्या, पुढे हाक मारायच्याही बंद झाल्या. ताट झाकून ठेवायच्या आणि झोपायच्या. बत्तीस वर्षं असं चाललं. मग बाई आजारी पडल्या, ज्या हॉस्पिटलात नोकरी केली तिथेच ॲडमिट. एका दुपारी शेजारच्या कदमबाईंचा फोन आला, ‘सर, बाई तुम्हाला बोलावतायत.’ सर घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेत होते, परीक्षा चार दिवसांवर. म्हणाले, ‘आलोच.’ हातातला उतारा संपवला. परळमधल्या परळमध्येच जायचं होतं, चालत दहा मिनिटं. पोचले तेव्हा कदमबाई वॉर्डाच्या दारात बाईंची अंगठी रुमालात बांधत उभ्या होत्या.

‘उतारा काय होता तेसुद्धा आठवत नाही मला,’ सर म्हणाले. ‘तिची हाक तशीच राहिलीय, परब. उत्तर लिहून ठेवायचंय. आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मी गेल्यावर कोण लिहिणार? मुलगा मेलविन कॅनडात. तो येईल, चार दिवस राहील, सुचेल ते करील. माझं नाव आणि हा शब्द आत्ताच घाला. माझं शेवटचं साल तेवढं रिकामं सोडा.’

इथे माझं कपाळ फुटलं.

ख्रिस्ती लोकांत ही पद्धत आहे, जोडप्यातला मागे राहिलेला आपलं नाव आधी कोरून घेतो. पण मी मालवणी हिंदू. कामाला लागलो त्या वर्षी मी एका म्हाताऱ्याचं नाव असं त्याच्या बायकोशेजारी कोरलं होतं. चांगला धडधाकट माणूस, पाटी बघून मला मिठाई देऊन गेला. नवव्या दिवशी मुलगा आला, साल भरायला. ही गोष्ट मी घरी सांगितली आणि आई किंचाळलीच. ‘जित्या माणसाचा नाव दगडार कोरतंस? हात झडतले तुझे!’ तिनं नारळ ओवाळून टाकला, मला शपथ घातली. तेव्हापासून तसलं काम आलं की मेस्त्री स्वतः करायचे, आणि मेस्त्री गेल्यावर मी काहीतरी कारण सांगून गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचो.

सरांनाही तो दाखवता आला असता. पण एवढं ऐकल्यावर ‘जमणार नाही’ म्हणायला जीभ उचलली नाही. मी म्हटलं, ‘करू की, सर. आधी बाईंचं करून लावून टाकतो. खालची जागा राखून ठेवतो. तुमची काय घाई आहे? ठणठणीत आहात.’

बाईंचं नाव मी जीव ओतून कोरलं. पाटी भिंतीला लावली. खालचा अर्धा भाग कोरा.

त्यानंतर सर दुकानात येऊ लागले. दर पंधरा दिवसांनी, रविवारची मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपून बाईंना फुलं ठेवून झाली की. आल्या आल्या विचारायचे, ‘परब, कधी करताय आमचं?’ मी म्हणायचो, ‘करतो, सर.’ ते म्हणायचे, ‘म्हणजे तुम्हीही अनॉनच म्हणताय.’ आम्ही दोघं हसायचो. चहा यायचा. मग ते मला शिकवायला बसायचे. साठीला आल्यावर मी इंग्रजी वाचायला शिकलो, दगडाच्या भुकटीत बोटानं अक्षरं काढून. सर छडीशिवाय शिकवायचे, पण चुकलं की असे बघायचे की छडी बरी.

वाचता यायला लागलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातून एक पाटी चुकली, एक अक्षर गळलं. मेस्त्री बरोबर बोलले होते. दगड उलटा करून मागच्या बाजूवर पुन्हा कोरावा लागला. सरांना सांगितलं तर त्यांना कोण आनंद! ‘आता तुम्ही खरे साक्षर झालात,’ म्हणाले.

एकदा ते मला कबरस्तानात फिरवायला घेऊन गेले. म्हणाले, चला, तुम्ही काय लिहिलंय ते तरी वाचा. तिथे रस्त्याकडेला माझ्याच हातची एक छोटी पाटी होती. अक्षर अक्षर लावत मी वाचलं, ‘अवर बेबी’. खाली एकच तारीख. मला ती पाटी चांगली आठवत होती. मी नवा होतो, आणि कागद घेऊन आलेल्या त्या तरुण माणसाला मी विचारलं होतं, ‘दुसरी तारीख?’ तो काही बोलला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं होतं. इतक्या वर्षांनी मला तिथे रडू फुटलं. सर खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. ‘वाचता येणं म्हणजे हेपण आलं, परब,’ एवढंच म्हणाले.

तीन वर्षं अशी गेली. पाटी कोरी ती कोरीच. शपथेचं कारण मी सरांना कधी सांगितलं नाही. हसले नसते ते, मला माहीत आहे. समजून घेतलं असतं आणि दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलं असतं. आणि खरं सांगू? शपथ हे अर्धंच कारण. आई तोवर वारली होती, शपथ सोडवायला कुठल्याही देवळात एक नारळ पुरला असता. मला भीती वाटायची की नाव कोरून झालं की सरांचं दुकानातलं काम संपलं. मग ते कशाला येतील? माझ्या घरात दोन मुलं, सुना, नातवंडं, सगळे फोनवर मान खाली घालून. माझ्याशी कोणी तास तास बोलत नाही. सर बोलायचे. म्हणून मी ‘करतो’ म्हणत राहिलो. माझ्या लोभापायी त्या माणसाला तीन वर्षं ताटकळत ठेवलं मी.

गेल्या वर्षी श्रावणात सर आले ते काठी टेकत. अंगातला शर्ट दोन माप मोठा वाटत होता. त्या दिवशी ते हसले नाहीत. ‘परब, डॉक्टर काही चांगलं बोलत नाहीत,’ म्हणाले. ‘ह्या आठवड्यात कराल? मला फार चालवत नाही. पण ते बघायला मी येईन, टॅक्सी करून येईन.’

पण गणपती आठ दिवसांवर. आम्हा लालबागकरांचं ऐन गणपतीत लालबागेत थांबणं होत नाही, आमचा गणपती गावी, मालवणच्या बाजूला. भावाभावांत गणपतीची पाळी असते, हे माझं वर्ष होतं. गाडीचं बुकिंग झालेलं, सामान बांधायचं होतं. आणि मनात तीच ती जुनी भीती: आत्ता नाव कोरलं आणि सर गेले तर? मी काय म्हणालो असेन?

‘सर, गावाहून आलो की पहिलं तुमचंच. दुसऱ्या कामाला हात लावणार नाही.’

मास्तरकीत त्यांनी अशी आश्वासनं हजार पोरांकडून ऐकली असतील. ‘ठीक आहे,’ म्हणाले. ‘सावकाश या.’ मी त्यांना हात धरून टॅक्सीत बसवलं.

गावी सातव्या दिवशी गौरी गेल्यावर फोन आला. घराच्या पडवीत रेंज नाही, फणसाच्या झाडाखाली जाऊन घ्यावा लागतो. कदमबाई होत्या. ‘परबभाऊ, सर गेले काल. मेलविन आलाय. उद्या माती आहे.’ मग थांबून म्हणाल्या, ‘दोनदा विचारत होते हो तुमचं. परब आला का, म्हणून.’

घरात आरती चालू होती. मी झाडाखाली उभा राहून ऐकत राहिलो. आत जाऊन टाळ हातात घ्यायचं धैर्य झालं नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गिऱ्हाईक वारलं. ती म्हणाली, तुमची गिऱ्हाइकं वारलेलीच असतात ना? तिची चूक नाही, मी तिला सरांबद्दल कधी नीट सांगितलंच नव्हतं.

मिळेल त्या एसटीनं मुंबईला आलो, तोवर माती होऊन गेली होती. मेलविनचा फोन आला. ‘अंकल, डॅडी बोलायचे की त्यांच्या पाटीचं काम तुमच्याकडे आहे. मी शुक्रवारी जातो. त्याच्या आधी बघायला मिळेल?’ मी म्हटलं, गुरुवारी चारला ये. बुधवारी सकाळी आठला मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन भिंतीपाशी उभा होतो.

पाटी काढली. आत बाईंची पेटी, वर दुमडलेलं लेसचं कापड. खण उघडा टाकून जायला मन होईना, म्हणून फळकुट लावून दोरीनं बांधलं. बांधता बांधता तोंडातून निघून गेलं, ‘आलोच, बाई.’

पण त्या दोन दिवसांत मी दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. मेस्त्रींचा मुलगा म्हणाला, काका, मशीनवर टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो निघून गेला. साठी ओलांडलेल्या माणसाचे हात, थोडे थरथरतात. तरी छन्नी दगडाला टेकली की थांबायचे. आता भीती नव्हती. मेलेल्या माणसाचं नाव कोरायला माझी आई कधीच नको म्हणाली नव्हती. आधी नाव. मग दोन्ही सालं. चार अक्षरांचा तो शब्द शेवटी घेतला. गोल अक्षराचा आतला टवका उडाला नाही. शिसं ठोकलं, तासलं, ओल्या फडक्यानं पुसलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून इतकं स्वच्छ काम झालं नव्हतं. गुरुवारी साडेतीनला पाटी भिंतीवर होती.

मेलविन चारला आला. चाळिशीचा, दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. चेहरा बापाचाच. पाटी वाचली. मग विचारलं, ‘अनॉन का?’

मी त्याला सांगितलं. जेवायच्या हाका, झाकलेलं ताट, हॉस्पिटल, शिकवणीचा उतारा, सगळं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापानं मुलाला कधी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. तो ऐकत होता आणि हातातला रुमाल पिळत होता. म्हणाला, ‘अंकल, मागच्या ख्रिसमसला डॅडी बोलले, एकदा येऊन जा. मी बोललो, समरमध्ये येतो. मग समरमध्ये जमलं नाही.’

त्यानं पुढे होऊन त्या शब्दावर बोट फिरवलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की या उत्तरावर सगळं अडलंय असं मला वाटलं.

‘डॅडींनी हे पाहिलं ना?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘खरंच?’

‘गणपतीच्या आधी. टॅक्सीनं आले होते. असंच बोट फिरवून बघितलं.’

‘काय बोलले?’

‘झकास, म्हणाले.’

तो भिंतीला कपाळ टेकवून रडला. मग डोळे पुसले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ थँक यू, थँक यू म्हणत राहिला. मोठं ओझं उतरल्यासारखा गेटकडे चालत गेला. दुसऱ्या दिवशी गेला कॅनडाला. दिवाळीत फोन केला, ख्रिसमसला केला. दर वेळी म्हणतो, अंकल, तुमच्यामुळे डॅडी शांतीनं गेले.

त्या महिन्याअखेर मी दुकान सोडलं. लोकांना सांगितलं, हात थरथरतात.

मेलविनला मराठी बोलता येतं, वाचायचं तो विसरलाय. हा अंक त्याच्यापर्यंत जायचा नाही, म्हणून तर इथे लिहायला बसलो. कोणी त्याला वाचून दाखवलाच, तर दाखवू दे. माझी तक्रार नाही. सरांनी ती पाटी पाहिली नाही.